महापौरबाईंचं पाणी

उबाल्दिनाबाईंकडून बर्फ घ्यायचा तर आधी नमस्कार घालावा लागे. खिडकीच्या गजांना नाक लावून नुसतं "बर्फ द्या" म्हणणाऱ्याला त्या दिसतच नसत. आत झुलत्या खुर्चीत बसून पंखा हलवत राहायच्या. माणूस पुन्हा ओरडला की मग म्हणायच्या, "कोण रे तिकडे? माणूस आहे की घोरपड? माणसं दुपारी शुभ दुपार म्हणतात."

त्यांच्या परसातल्या खोलीत मी भाड्याने राहतो. शाळेत वाद्यं शिकवतो आणि कार्निवलच्या दिवसांत बँडमध्ये बोंबार्दिनो फुंकतो. बोंबार्दिनो म्हणजे मांडीवर मूल घेतल्यासारखं धरायचं ते थोरलं पितळी वाद्य. गल्लीत मला मास्तर म्हणतात. उबाल्दिनाबाईही मास्तरच म्हणायच्या, फक्त घरभाडं आणि पुढे जिची गोष्ट येते ती नळी या दोन विषयांवर बोलताना "अरे ए फुंक्या" म्हणायच्या.

बाई मूळच्या नदीकाठच्या गावातल्या. परकर सावरायचं वय नव्हतं तेव्हा बार्रांकिया शहराच्या मासळीबाजारात आल्या आणि मावशीच्या फळीवर बोकाचिको मासे विकू लागल्या. मासे टिकवायला बर्फ लागतो. त्या वेळी बर्फाच्या लाद्या भुश्यात गुंडाळून हातगाडीवरून यायच्या आणि त्या फोडायचं काम या पोरीकडे असे. पुढे कातालिनो नावाच्या ढोलकऱ्याशी लग्न झालं, यामिद झाला, आणि मुलाला मिसरूड फुटायच्या आत कातालिनो तापाने गेला. त्याच्या मयताला अख्खं गाव लोटलं. ढोलकरी होते, नाचणारे होते, त्याच्याकडे कधीकाळी शिकलेले होते. आणि बर्फ संपला. लोकांनी कोमट बिअर पीत कातालिनोला निरोप दिला. "माझा नवरा गेला त्याचं दुःख एक," बाई म्हणायच्या, "आणि त्याच्या मयताला लोकांनी तोंडं वाकडी केली त्याचं दुसरं. कुठलं मोठं ते अजून ठरायचंय."

मग त्यांनी जुना फ्रीज घेतला, पाणी भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या गोठवायला सुरुवात केली आणि खिडकीवर पाटी लावली: बर्फ मिळेल. या गल्लीत बारसं असो, मयत असो, बर्फ उबाल्दिनाबाईंचा.

निदान समोरच्या घरातल्या तिबुर्सिओने तशीच पाटी लावेपर्यंत तरी.

तिबुर्सिओ निवृत्त बसचालक. एका कार्निवलला चार लोकांत तो म्हणाला, "उबाल्दिनाच्या बर्फाला बोकाचिकोचा वास येतो." तो यायचाच, कारण बाई मासेही त्याच फ्रीजमध्ये ठेवायच्या. पण खरं बोललेलं कुणाला सहन होतं? त्या उलट ओरडल्या, "आणि तुझा बर्फ पोकळ! तुझ्या डोक्यासारखा! आत नुसती हवा!" त्या दिवसापासून दोघांची बोलचाल बंद. समोरासमोरच्या दोन खिडक्यांत दोघं रोज संध्याकाळी बसायची आणि एकमेकांच्या डोक्यावरून आभाळाकडे बघायची.

असं बरंच चाललं. मग यामिदने मशीन पाठवलं.

यामिद तोवर मालवाहू जहाजावर आचारी झाला होता. जहाज पनामात कोलोन बंदराला लागलं तेव्हा तिथल्या स्वस्त बाजारातून त्याने घरात ठेवायचं बर्फाचं यंत्र घेतलं आणि ओळखीच्या खलाशांबरोबर धाडून दिलं. चकचकीत, कमरेएवढं उंच, पुढे दार, आत बर्फ साठायचा खण. पाणी आपोआप आत येणार, चौकोनी तुकडे आपोआप खणात पडणार, आणि वितळलेलं पाणी मागच्या नळीतून बाहेर जाणार. पिशव्या भरायला नकोत, गाठी मारायला नकोत.

खोकं गल्लीत शिरलं तसं लोक दारात आले. तिबुर्सिओनेही आभाळावरची नजर थोडी खाली घेतली.

"मागे स्वयंपाकघरात ठेवू या," मी म्हणालो. "तिथे मोरी जवळ आहे."

"मोरीजवळ?" बाई कडाडल्या. "पोराने समुद्रापलीकडून पाठवलेली वस्तू मी मोरीजवळ ठेवू? बाहेरच्या खोलीत, कार्मेनमातेच्या तसबिरीशेजारी! खिडकीतून दिसली पाहिजे." आणि मान जराही न वळवता समोरच्या घराला उद्देशून, "सगळ्यांना."

मशीन बाहेरच्या खोलीत बसलं. नळी लांब आणून, जोडून, घरातल्या बोळातून थेट परसातल्या धुण्याच्या मोरीपर्यंत नेली. यंत्र गुरगुरलं, खडखडलं, आणि बऱ्याच वेळाने पहिले तुकडे खणात पडले तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. दिवसभर नुसती गुरगुर आणि हातात पडतं थोडंसं, म्हणून औषधाच्या दुकानवाल्या अब्दालाने त्याचं नाव ठेवलं महापौरबाई. ते चिकटलं.

आठवडा सरायच्या आत महापौरबाईंच्या पायाशी डबकं दिसलं.

"मांजर," उबाल्दिनाबाई म्हणाल्या.

गल्लीत तेवढं मोठं मांजर नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या घराला ओल आली. तिसऱ्या दिवशी माझ्यावर संशय घेतला; अंघोळ करून ओल्या पायाने हिंडतो म्हणे. खणाचं दार उघडलं तर तळाला पाणी साचलेलं, आणि खालचे तुकडे एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा झालेला. वरून नवा बर्फ पडे, खालून वितळे. पण मशीनमध्ये खोट आहे असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. ते यामिदने पाठवलं होतं.

पहिला तपास केला गाड्यांचे रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या विल्फ्रिदोने. तो बाईंच्या मामेबहिणीचा मुलगा. जमिनीवर पालथा पडून त्याने नळीवरून हात फिरवत नेला आणि एकदम ओरडला, "मावशी, तुझी खुर्ची! तुझ्या खुर्चीने नळीचा गळा दाबलाय!"

खरंच, झुलत्या खुर्चीचा वाकडा पाय नळीवर होता. बाई पुढे झुलल्या की नळी बंद, मागे झुलल्या की उघडी.

"म्हणजे मी माझ्या घरात झुलायचंही नाही?"

"झुल ना. पण तिकडे झुल."

खुर्ची हलवली. परसातल्या टोकातून पाणी आलं. विल्फ्रिदोने चिंचेचं सरबत पिऊन मिशा पुसल्या आणि तो गल्लीभर सांगत सुटला. दोन दिवसांनी पुन्हा डबकं.

मग अब्दाला आला. त्याला मशीनमधलं काही कळत नव्हतं, पण तो कुठल्याही दुखण्याची चौकशी सारखीच करतो. "जेवल्यानंतर होतं की आधी? आवाज येतो का?"

"येतो. डुबुक डुबुक."

"वायू," अब्दाला म्हणाला.

आम्ही हसलो, पण परसात जाऊन बघतो तो काय, नळीचं टोक मोरीतल्या बादलीत बुडलेलं. बाईंनीच ठेवलेलं, वितळलेलं पाणी झाडांना घालायला. बादली भरली, टोक पाण्याखाली गेलं, आणि मधली हवा नळीत कोंडून बसली. अब्दालाने टोक वर उचललं तशी महापौरबाईंनी अशी काही ढेकर दिली की बोळात झोपलेला कुत्रा रस्त्यावर पळाला. भळाभळा पाणी आलं.

"बघा," अब्दाला हात झटकत म्हणाला, "निम्मी माणसं एवढ्यानेच बरी होतात."

त्या निम्म्यांत महापौरबाई नव्हत्या. डबकं लहान झालं, पण गेलं नाही.

आणि मग बाईंच्या लक्षात आलं की गल्लीतली सगळ्यात मोठी फुप्फुसं त्यांच्याच भाड्याच्या खोलीत आहेत.

"ए फुंक्या, इकडे ये. नळीत शेवाळ अडकलंय. तू इथून फुंक."

"बाई, मी वाद्य वाजवतो, मोऱ्या नाही."

"रात्रंदिवस माझं डोकं उठवतोस ते फुकट? फुंक!"

मी परसातलं टोक पुसून तोंडाला लावलं. आत बाई खणाचं दार उघडून वाकून बघत होत्या, शेवाळ कुठे सुटतं ते. मी कार्निवलच्या मिरवणुकीत लावतो तसा दम लावला. आधी काही झालं नाही. मग नळी थरथरली. मग आतून किंकाळी आली. धावत गेलो. बाई तशाच वाकलेल्या, केस निथळत होते, कपाळावर शेवाळाचा हिरवा गोळा चिकटलेला, आणि मागे कार्मेनमातेच्या तसबिरीवरूनही पाणी ओघळत होतं.

बाईंनी शांतपणे कपाळावरचा गोळा काढला, बघितला आणि म्हणाल्या, "निघालं."

तरीही डबकं येतच राहिलं. विल्फ्रिदो म्हणाला, परसात पाणी येतंय म्हणजे नळी साफ आहे, दोष मशीनच्या पोटात आहे, परत पाठव. बाई इतक्या जोरात ओरडल्या की समोर तिबुर्सिओची खिडकी वाजली.

त्या संध्याकाळी त्यांनी मला खरं कारण सांगितलं. खणातला लगदा पंचाने पुसून काढत होत्या. "त्याला सुट्टीवर यायचं होतं, मास्तर. यंत्राला पैसे जमवायचे म्हणून त्याने जहाजावरचा मुक्काम वाढवून घेतला. मला सांगितलं नाही, त्याच्या मित्राच्या तोंडून निघून गेलं. माझा पोर घरी आला नाही आणि त्याच्या जागी हे आलं. आता ते गळतं असं सांगू? तो दुसरं पाठवेल. मग पुढचा डिसेंबरही गेला." पंचा पिळून त्या म्हणाल्या, "तो फोनवर विचारतो, मी म्हणते झकास चाललंय."

झकास चाललेलं यंत्र बघायची यामिदला हौस आली. रविवारी जहाज बंदरात असेल, चित्र दिसणारा फोन करतो, मला भरलेला खण दाखव, म्हणाला.

रविवारी सकाळी खणात होता अर्धा लगदा आणि उरलेलं पाणी. बाईंनी येरझारा घातल्या, कार्मेनमातेकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "समोर जा. बर्फ आण. पिशव्या फोडून आण. माझं नाव काढलंस तर खोली रिकामी कर."

मी तिबुर्सिओच्या खिडकीशी गेलो. "शुभ सकाळ. बर्फ हवाय. भरपूर."

"कशाला?"

"शाळेत समारंभ आहे."

"रविवारी?"

तिबुर्सिओच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की त्याचे सगळे दात मी पहिल्यांदाच पाहिले. "मास्तर, एवढा बर्फ तुम्हाला पेलवणार नाही. थांबा, मीच पोचवतो." आणि मी नको नको म्हणत असताना तो पाठीवर गोणी टाकून रस्ता ओलांडून सरळ बाईंच्या दारात.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मधे आभाळ नव्हतं.

"कुठे ओतू?" तिबुर्सिओ म्हणाला.

बाईंनी ओठ घट्ट मिटून बोट दाखवलं. बर्फ ओतून खण भरला. तेवढ्यात मशीनखालून डबकं पुन्हा पसरू लागलं, आणि फोन यायची वेळ झालेली.

"फरशी धुवायला काढू," बाई म्हणाल्या. "सगळंच ओलं असलं की ओलं का म्हणून कोण विचारतंय? मास्तर, परसातून पाणी ओत! आणि तू," हे तिबुर्सिओला, "मशीनसमोर उभा राहा. एवढा रुंद आहेस, काहीतरी उपयोग होऊ दे."

मी परसातून बादल्या ओतू लागलो. पाणी बोळातून बाहेरच्या खोलीत आणि तिथून दारातून रस्त्यावर, जसं रोज सकाळी बाई फरशी धुताना जातं तसं. शेवटची बादली ओतून मी आत आलो तोच फोन वाजला. यामिदचा चेहरा दिसला, डोक्यावर आचाऱ्याची टोपी.

"आई! अरे, हे कोण? तिबुर्सिओकाका? आमच्या घरात?"

"तुझं यंत्र बघायला आलोय, बाळा." तिबुर्सिओच्या बुटांत पाणी शिरत होतं, पण चेहरा प्रसन्न. "काय बर्फ आहे! जन्मात असा बर्फ पाहिला नाही. तू सांग ना उबाल्दिना, कसा आहे बर्फ?"

बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की दुसरा असता तर गोठला असता. पण लेक बघत होता. त्यांनी खणातला एक गोळा उचलला. "चांगला आहे."

"पोकळ तर नाही ना?"

"नाही."

"मोठ्याने सांग, त्याला ऐकू येत नसेल."

"पोकळ नाही!" बाई ओरडल्या. "भरीव आहे! छान आहे! झालं समाधान?"

"ऐकलंस ना यामिद?" तिबुर्सिओ म्हणाला. "तू साक्षीदार."

यामिद मात्र डोळे बारीक करून गोळ्याकडे बघत होता. "आई, ते मशीन चौकोनी तुकडे करतं. तुझ्या हातातला गोळा पिशवीच्या आकाराचा कसा? वर गाठीची शेंडीसुद्धा आहे."

त्याच वेळी बोळातून माझी डावी चप्पल तरंगत आली, बाईंच्या पायाजवळून वळली, तिबुर्सिओच्या बुटाला टेकली, सुटली आणि दाराकडे निघाली.

"ते काय गेलं?" यामिद म्हणाला.

"मास्तरांची चप्पल," बाईंच्या तोंडून निघून गेलं. मग त्या एकदम खुर्चीत बसल्या. "गळतं रे ते. पहिल्या आठवड्यापासून गळतं. सगळ्यांनी बघितलं. तुला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं."

यामिद हसायला लागला. इतका हसला की टोपी पडली. "आई, नळी कुठे नेलीय?"

"परसात. मोरीत."

"लहानपणी तू फरशी धुवायचीस तेव्हा मी बाटल्यांच्या झाकणांच्या होड्या सोडायचो. कुठून सोडायचो?"

"परसातून."

"आणि मी रडत त्यांच्या मागे कुठे धावायचो?"

"रस्त्यावर," बाई हळूच म्हणाल्या.

"मग? घर रस्त्याकडे उतरतं आणि तू पाणी परसात चढवतेयस! ते थोडंफार ढकलून चढतं, बाकीचं खणात तुंबतं आणि तुझ्या पायाशी येतं. मशीन धडधाकट आहे. नळी फिरव."

बाईंनी दाराकडे पाहिलं. माझी चप्पल उंबरठा ओलांडून गटाराकडे चालली होती. रोज सकाळी त्याच पाण्यामागे झाडू घेऊन त्या दारापर्यंत जात होत्या. आम्हीही तेच पाणी ओलांडून आत येत होतो. अब्दाला, विल्फ्रिदो, मी, सगळेच.

"विल्फ्रिदोला बोलवा," त्या म्हणाल्या. "आणि कुणी हसलं तर आजपासून बर्फ बंद."

तिबुर्सिओ हसला नाही. त्याला त्याची गरजच नव्हती. तो घरी जाऊन बिअरची रिकामी लाकडी खोकी घेऊन आला, ती पालथी मांडून आम्ही मशीन त्यांवर चढवलं. विल्फ्रिदोने भिंतीला तळाशी भोक पाडलं. नळी हातभर राहिली. यंत्राच्या मागून निघायची, सरळ उतरायची आणि बाहेर गटाराच्या वर वीतभर लोंबत राहायची, म्हणजे टोक पाण्यात बुडायला नको. मधे खुर्ची नाही, वळण नाही. नळीने शेवाळाचा उरलेला गोळा थुंकला आणि मग पाणी सुरू झालं. कुणीतरी टाळी वाजवली. बाई बाहेर येऊन, कमरेवर हात ठेवून, बराच वेळ ती धार बघत राहिल्या.

"छे," त्या अखेर म्हणाल्या. "महापौरबाई भररस्त्यात."

त्यांनी लगेच एक जुनं पातेलं धारेखाली ठेवलं आणि समोर कुंड्या मांडल्या, जेणेकरून लोकांना दिसू नये. आता तिबुर्सिओचा कुत्रा रोज येऊन त्या पातेल्यातलं पाणी पितो. मागोमाग तिबुर्सिओ येतो, कुत्र्याला न्यायला. मग नळीचा उतार तपासतो. "इंचभर जास्त हवा होता," म्हणतो.

"तुझ्या डोक्याला हवा होता," बाई म्हणतात, आणि चिंचेचं सरबत पुढे करतात.

भांडण काही संपलेलं नाही. मासे ठेवायला बर्फ हवा असला की बाई गिऱ्हाइकाला समोर पाठवतात: "माशांना त्याचाच बर्फ बरा, वासाची पारख त्यालाच आहे." आणि पेल्यात घालायला चौकोनी तुकडे हवे असतील तर तिबुर्सिओ तोंड वाकडं करून इकडे बोट दाखवतो. पण "पोकळ नाही, भरीव आहे" हे वाक्य त्याने अजून सोडलेलं नाही. बारशाला, मयताला, कुठेही संधी साधून म्हणतोच.

डिसेंबरात यामिद आला. जाड झाला होता. आईने त्याला मिठी मारली आणि मग बराच वेळ सोडलंच नाही, तेव्हा आम्ही सगळे नळीकडे बघत उभे राहिलो. त्याच्या मागे दोघा हमालांनी एक मोठं खोकं आणलं होतं.

"हे काय?" बाईंनी डोळे पुसत विचारलं.

"खोली गार करायचं यंत्र, आई. तुझ्या निजायच्या खोलीला."

बाईंनी खोक्याभोवती एक फेरी मारली. वाकल्या, मागच्या बाजूचं चित्र पाहिलं आणि ताठ उभ्या राहिल्या.

"यालाही नळी आहे," त्या म्हणाल्या. मग हमालांकडे वळल्या. "खाली ठेवू नका अजून. मास्तर, पाण्याची बादली आण, आणि या वेळी चप्पल पायात घाल."